सात नंबरचा फ्यूज

१

मिस्त्रीचा दिवस कानांनी सुरू व्हायचा. डोळे उघडायच्या आधी तो पडल्या पडल्या हमरस्त्यावरच्या गाड्या ऐकायचा आणि कुणाचा पट्टा सैल आहे, कुणाचा सायलेन्सर फुटलाय, याचा निकाल अंथरुणातच लावून टाकायचा. बायको होती तेव्हा ती दारातून ओरडायची, "गाड्यांची नाडी बघून झाली असेल तर उठा, चहा निवतोय." तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता चहा निवत नव्हता, कारण उठून केल्याशिवाय तो होतच नव्हता.

पुढे पत्र्याची शेड, मध्ये तेलाने काळं पडलेलं आवार, मागे एक खोली. खोलीची एकुलती एक खिडकी आवाराकडे उघडायची. वीज गेली तर अडायला नको म्हणून खोलीतला दिवा आणि पंखा त्याने ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्यांवर घेतले होते. गाडीतून काढलेली चांगली वस्तू फेकायची नाही, हा त्याचा नेम. बायको या नेमाला पसारा म्हणायची. तिनं म्हणावं हे विशेष, कारण ती स्वतः अशी पसारेवाली होती की उभ्या आयुष्यात तिनं एका चादरीची घडी धड घातली नव्हती.

कामात मात्र ती पक्की होती. जड गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम एकट्याचं नाहीच. एकाने केबिनमध्ये बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवा बघायचा. वीस वर्षं ती केबिनमधून ओरडत आली, "लागला?" आणि हा मागून ओरडायचा, "लागला!" आता तो ब्रेकवर एक वीट ठेवायचा, मागे जाऊन बघायचा आणि कुणीच विचारलेलं नसताना हळूच म्हणायचा, "लागला."

लेक मोठ्या शहरात नर्स होती. रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन यायचा.

"बाबा, किती दिवस असे एकटे राहणार? या ना इकडे."

"येतो की. ज्या दिवशी एखादा फॉल्ट मला सापडणार नाही, त्या दिवशी शटर ओढतो आणि तुझ्या दारात उभा राहतो. शब्द."

पूर्वी तो हे ऐटीत म्हणायचा. पण गेल्या वर्षात दोनदा साधी गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली होती. एकदा तर तुटलेली वायर समोर लोंबत असताना त्याने अख्खं वायरिंग उसवलं होतं. लेकीला त्याने हे सांगितलं नव्हतं. दिलेला शब्द मात्र आता त्याला रोज सात वाजता टोचायचा.

२

उंटाचा ट्रक आला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. उंट म्हणजे ड्रायव्हर. मान लांब, चाल संथ, आणि एकदा निघाला की पाण्यालाही थांबायचा नाही, म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं नाव. एरवी तो केबिनमधून उडी मारून उतरायचा. आज तो एकेका पायरीवर थांबत उतरला आणि खाली आल्यावर दाराला धरून उभा राहिला.

"काय रे, म्हातारा झालास?" मिस्त्रीने विचारलं.

"झोप होत नाही मिस्त्री. म्हणजे होते, दहा-दहा तास होते. पण सकाळी उठवतच नाही." त्याने डोळे चोळले. "ते जाऊ द्या. गाडीचं बघा. चार महिने झाले ही जुनी गाडी घेऊन, आणि बॅटऱ्या दोनदा नव्या घातल्या. रोज सकाळी कुणाच्या तरी हातापाया पडून, त्याची बॅटरी जोडून गाडी उठवतो. परवा मला माळरानाचा रस्ता धरायचाय. दोन दिवस माणूस दिसत नाही तिथे. तिथे बसली तर संपलंच."

"सेल्फ मार बघू."

उंटाने पुन्हा वर चढून किल्ली फिरवली. सेल्फने एक चक्कर घेतली, थांबला, विचार केल्यासारखी दुसरी घेतली. घर्र... घर्र... घर्र. मिस्त्रीला तो आवाज आवडला नाही. नुसता अशक्त आवाज त्याने हजारदा ऐकला होता. हा आवाज इच्छा नसलेल्या माणसाचा होता. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. बॅटरी ती बॅटरी, तिला कसली आलीय इच्छा?

"दोन दिवस गाडी इथे राहू दे," तो म्हणाला. "तू समोरच्या लॉजवर जाऊन झोप."

"मी गाडीतच झोपतो की. सवय आहे."

"मला चोर शोधायचाय. रखवालदार आत झोपून कसं चालेल?"

उंट हसला आणि रस्ता ओलांडून गेला. जाताना त्याने एकदा वळून केबिनकडे पाहिलं. निरोप घ्यायचा राहिल्यासारखं ते बघणं होतं.

३

पहिला दोष तासाभरात सापडला. सेल्फ मारताना बॅटरी आणि इंजिन यांच्यामधल्या अर्थिंगच्या केबलवर दीड व्होल्ट वाया जात होते. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे केबल आवळली होती तिथे गंजाचा थर होता. मिस्त्रीने बोल्ट काढला, लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं, ग्रीस लावलं, पुन्हा आवळलं. बॅटऱ्या दिवसभर चार्जिंगला लावल्या. संध्याकाळी किल्ली फिरवली तर इंजिन पहिल्या चकरेला धडाडलं. मिस्त्री जाम खूश झाला. रात्री दोन घास जास्तच जेवला.

सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या होत्या.

घर्र... घर्र... तोच आवाज. गाडी आवारात बंद, किल्ली त्याच्या खिशात, आणि रात्रीतून अर्धी बॅटरी कुणीतरी पिऊन टाकलेली.

"म्हणजे चोर दुसरा आहे," तो मोठ्याने म्हणाला. एकट्या माणसाला मोठ्याने बोलायची सवय लागतेच.

चोर पकडायची त्याची रीत जुनी होती. बॅटऱ्या पुन्हा भरल्या. बॅटरीची अर्थिंगची केबल सोडली आणि केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक साधा बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद असेल तर बल्ब मेलेला राहतो. कुठे चोरून करंट जात असेल तर तो पेटतो. मग एकेक फ्यूज उपटायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझतो, चोर त्याच्या घरात.

बल्ब पेटला. मिस्त्रीने बाहेर, बॅटरीशेजारच्या डब्यातले फ्यूज उपटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. हॉर्न, वायपर, पुढचे दिवे. बल्ब पेटलेलाच. सात नंबरला तो विझला.

झाकणावरचा कागद त्याने डोळ्यांजवळ धरून वाचला. सात नंबर म्हणजे सीटच्या मागच्या फळीवरचा, ड्रायव्हरच्या झोपायच्या जागेचा दिवा. त्याला बरं वाटलं. दिवा चालू राहिला असणार, इतकं सोपं.

४

झोपायच्या जागेवर एक निळी चादर होती, घडी घातलेली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. उशी तिच्यावर मधोमध. दिवा हाताएवढा, दुधी काचेचा, खाली स्वतःचं बटण. बटण बंद होतं. काच गार होती.

मिस्त्रीने खाली उतरून केबल पूर्ववत जोडली, फ्यूज बसवला आणि केबलभोवती करंट मोजणारा चिमट्याचा मीटर अडकवला. आकडा आला: नऊ अँपिअर.

तो तिथेच उकिडवा बसला. दहा वॅटचा दिवा. चालू राहिला तरी अर्धा अँपिअरसुद्धा घेणार नाही. तो आठवडाभर जळला असता तरी गाडीनं कुरकूर केली नसती. नऊ अँपिअर म्हणजे पाच अँपिअरचा फ्यूज उडायला हवा होता, आणि ती बारीक वायर तापून वास यायला हवा होता. त्याने वायरला हात लावला. गार.

तो केबिनकडे गेला, दार उघडलं. दिवा बंद. परत येऊन पाहिलं तर मीटर शून्य. मीटर बिघडला असेल म्हणून त्याने तो दुसऱ्या गाडीवर लावून पाहिला. मीटर शहाण्यासारखा वागला. पुन्हा इथे लावला: शून्य. दार लावून तो नळावर हात धुवायला गेला आणि आला: नऊ.

मग त्याने दुपारभर एकच उद्योग केला. केबिनमध्ये बसायचं, मीटरची वायर खिडकीतून आत घेऊन आकडा बघायचा. आत असला की शून्य. उतरून दहा पावलं जाऊन आला की नऊ. दाराचा खटका असेल म्हणून त्याने खटक्याची वायर तोडली. काही फरक नाही. दार उघडंच ठेवून गेला. तरी नऊ.

गाडीला माणूस कळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं तो त्याच ज्ञानावर जेवला होता. पण केबिन रिकामं असलं की काहीतरी लागत होतं आणि कुणी आलं की विझत होतं. बायको असती तर तिला आत बसवून विचारलं असतं. ती असती तर अर्थात प्रश्नच नव्हता, केबिन रिकामं राहिलंच नसतं.

चारच्या सुमाराला उंट येऊन गेला. चेहरा तरतरीत, पाय हलके. "लॉजच्या त्या खाटेवर काय झोप लागली मिस्त्री! पाच वाजता आपोआप उठलो." त्याने केबिनमध्ये डोकावून चादर बघितली आणि हसला. "तुम्हीपण घडी घालून ठेवलीत? मी समजायचो हमाल घालतात. कुठेही गाडी सोडून गेलो की परत येईपर्यंत घडी तयार. सुंदर घालतात."

"मी हात लावला नाही चादरीला," मिस्त्री म्हणाला.

उंटाला ते ऐकूच गेलं नाही, किंवा त्याने तसं दाखवलं.

५

दार लावल्यावर आत काय होतं ते बघायचं असेल तर आत डोळा ठेवावा लागतो. ही युक्ती धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मिस्त्रीने फोन व्हिडिओवर लावला आणि काचेखालच्या फळीवर, पान्याच्या आधाराने, झोपायच्या जागेकडे तोंड करून उभा केला. फोन जरा कलला, पण त्याने तसाच राहू दिला. चादर त्याने मुद्दाम विस्कटली. मग दार लावून शेडच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला. ऊन पत्र्यावर तडतडत होतं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. पंधरा मिनिटं त्याने एकाही गाडीची नाडी बघितली नाही.

फोन आणून त्याने भर उन्हात, आवाराच्या मधोमध उभं राहून व्हिडिओ लावला.

पाच मिनिटं काही नाही. तिरकी सीट, तिरकी चादर. कुठेतरी माशी.

सहाव्या मिनिटाला दिवा लागला. बटणाचा टिक असा आवाज स्पष्ट आला. दुधी, मऊ उजेड. त्या उजेडात कुणी नव्हतं. मिस्त्रीचा श्वास सुटला. म्हणजे बटणच खराब आहे, उन्हाने तापून आपोआप चिकटतंय. बघा, कारण असतंच.

मग फळीवरची गादी एका बाजूने दबली. सावकाश, कुणी गुडघा टेकवावा तशी.

चादर विस्कटलेलीच होती. नंतर ती हलायला लागली आणि त्याने नजर वळवली, रस्त्याकडे पाहिलं, एक लाल ट्रक जाईपर्यंत पाहत राहिला. पुन्हा बघितलं तेव्हा घडी झालेली होती, कोपऱ्याला कोपरा. मग स्प्रिंगांचा आवाज जवळ जवळ आला. फोन हलला. भिंगासमोरून काहीतरी फिकट सरकलं. बोटं म्हणावीत, तर ती मोजायला हवी होती. मोजणं हा त्याचा धंदा होता, आणि त्याने मोजली नाहीत.

चित्र हललं, सावरलं, स्थिर झालं. कललेला फोन कुणीतरी हलक्या हाताने सरळ केला होता.

उरलेली मिनिटं सरळ चित्र होतं. सरळ सीट, सरळ चादर, लागलेला दिवा. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. मग बाहेरून त्याच्याच चपलांचा आवाज येत गेला आणि दिवा विझला.

६

त्याने व्हिडिओ पुसून टाकला. का पुसला हे त्याला सांगता आलं नसतं.

पुढचं काम त्याने दहा मिनिटांत उरकलं. सात नंबरची वायर दोन ठिकाणी कापली, टोकांना टेप गुंडाळला. दिव्याचे दोन स्क्रू काढले आणि दिवा उतरवून घेतला. संध्याकाळपर्यंत मीटर शून्य. सकाळी बॅटऱ्या जशाच्या तशा. सेल्फ मारला आणि इंजिन एका चकरेत उठलं.

"सापडला चोर?" उंटाने विचारलं.

"मागचा दिवा खराब होता. काढून टाकला."

"बस? एवढंच?" उंट केबिनमध्ये चढला, मागे वळून रिकाम्या जागेकडे जरा वेळ बघत राहिला. "मिस्त्री, केबिन एकदम मोठं वाटायला लागलं हो."

"निघ आता. ऊन चढायच्या आत माळ गाठ."

संध्याकाळी सातला लेकीचा फोन आला. ट्रकची गोष्ट त्याने तिला आदल्या दिवशी सांगितली होती.

"मग? सापडला का फॉल्ट?"

"गाडी गेली की चालू होऊन," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. तिला बापाच्या बोलण्यातली पळवाट ओळखू यायची.

दिवा शेडमधल्या टेबलावर होता. काच फुटलेली नव्हती, बटण पक्कं होतं, होल्डर कोरा होता. फेकून द्यावा असं त्यात काहीच नव्हतं. चांगली वस्तू. चाळीस वर्षांचा हात डोक्याला विचारत नाही. त्याने दिवा पुसला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दुसरं काम नव्हतं म्हणून, खोलीतल्या खाटेच्या वर दोन स्क्रूंनी बसवला. बॅटऱ्यांच्या व्होल्टेजलाही तो बरोबर बसत होता.

७

त्या संध्याकाळी शेड बंद करून तो आवारात वळला आणि थांबला.

खिडकी उजळलेली होती.

बायको गेल्यापासून आपण घरी जायच्या आधी खोलीत दिवा लागलेला त्याने कधी पाहिला नव्हता. तीन वर्षं तो रोज अंधारात कडी चाचपत होता. म्हणून पहिल्यांदा जो वाटला तो आनंद होता, सपशेल, लहान मुलासारखा आनंद. भीती त्याच्या मागून आली. आनंदाची त्याला लाज वाटली.

तो आत गेला. अंधार. काच गार. चादरीची घडी, कोपऱ्याला कोपरा. टेबलावर त्याचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले.

ही बायको नाही, हे त्याला त्या घडीवरूनच कळलं. ती असती तर चादर जमिनीवर असती आणि एक पाना चहाच्या कपात.

तरी दिवा त्याने काढला नाही. उद्या काढू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शेडमधून जरा उशिरा निघाला आणि आवारात जरा जास्त वेळ उभा राहिला, कारण आत पाऊल टाकलं की उजेड जाणार होता. तिसऱ्या दिवशी त्याने आवारात स्टूल आणून ठेवलं.

आठवड्याने उंटाचा फोन आला. आवाज खणखणीत. "मिस्त्री, गाडी एका सेल्फात उठते. आणि मीपण! पहाटे चारला टुणकन उठून बसतो. काय जादू केलीत?"

"अर्थिंग घासलं," मिस्त्री म्हणाला. तो अजून अंथरुणात होता. ऊन पत्र्यावर येऊन दोन तास झाले होते.

हल्ली त्याला गाड्या ऐकू येत नव्हत्या. डोळे उघडायचे, मग बराच वेळ काही नाही. मग एक हात उठायचा आणि पडायचा. छातीत एक चक्कर फिरायची, थांबायची, विचार करायची, दुसरी फिरायची. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षांत कुणी गाडी आणून विचारलं असतं तर त्याने डोळे मिटून सांगितलं असतं की रात्रीतून हिला कुणीतरी पितंय, आधी चोर शोधा.

चोर त्याला माहीत होता. खाटेच्या वर, दोन स्क्रूंवर. एक वायर कापली की काम झालं. पक्कड दिवसभर त्याच्या खिशातच असायची.

त्या दिवशी सातला फोन वाजला तेव्हा तो आवारात स्टुलावर बसला होता. समोर खिडकीत उजेड होता, दुधी, मऊ. पडद्याच्या मागून काहीतरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेलं आणि वाकलं. गादीवर काहीतरी नीट करत असावं.

"बाबा, आवाज असा का येतोय? खोल गेल्यासारखा. जेवताय ना नीट?"

"जेवतोय."

"बाबा, एक विचारते, खरं सांगा. त्या ट्रकचा फॉल्ट तुम्हाला सापडला होता का? नसेल तर नसेल. मी रविवारी गाडी घेऊन येते, सामान भरू, आणि तुम्ही माझ्याकडे चला. शब्द दिलाय तुम्ही मला."

एक 'नाही' म्हटलं की झालं असतं. रविवारपर्यंत तो तगला असता. लेकीच्या घरी खिडकीशी पलंग होता, नातवंडांचा गोंगाट होता, आणि सकाळी कुणीतरी त्याला उठा म्हणून ओरडलं असतं. हे सगळं त्याला अगदी स्वच्छ कळत होतं. पण त्या घरात तो परतायची वाट बघत कुणी दिवा लावून बसणार नव्हतं. तिथे सगळे आपापल्या कामात असत.

"सापडला," तो म्हणाला. "सापडला गं बाळ. तू नको येऊस."

ती म्हणाली, "बरं. काळजी घ्या." फोन बंद झाला.

मिस्त्रीने उठायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. तिसऱ्या खेपेला स्टुलाला धरून उभा राहिला, खिशातली पक्कड चाचपली आणि आणखी खाली ढकलली. आत जायची घाई नव्हती. आवारात अंधार भरत होता आणि खिडकीतला उजेड हळूहळू जास्त उठून दिसायला लागला होता.

तिकडे बघत, कुणीच विचारलेलं नसताना, तो हळूच म्हणाला, "लागला."